दाताचा थर

माझे वडील विहिरी खोदायचे. आमचीच विहीर खोल नेताना त्यांना एक दात सापडला, पायताणाएवढा, दगडासारखा जड, नुकती टाकी लावलेल्या जात्यासारख्या खाचा असलेला. तो पिशवीत घालून ते एसटीने नगरला माझ्याकडे आले. मी कॉलेजात जीवशास्त्र शिकवते ना.

हत्तीचा आहे, मी सांगितलं. आजच्या नव्हे, फार जुन्या.

"म्हंजी आत्ताच्या हत्तीचा आजा?"

"आजा नाही, अण्णा. चुलत आजा म्हणा. ती फांदी पुढे खुंटली."

"वंश बुडाला म्हन की." त्यांनी दातावरून हात फिरवला. मी एकुलती मुलगी. हे शब्द भावकीने त्यांनाही ऐकवले होते.

मग माझ्यातली मास्तरीण जागी झाली. कुठल्या थरातून काढला? लिहून ठेवलं?

"लिवलं न्हाई."

खालचा थर जुना, वरचा नवा. थरावरूनच हाडाचं वय कळतं. थर हरवला की दात मुका झाला, आता त्याला कोण विचारतंय! असं बरंच मी बोलले. अण्णा दात पिशवीत घालून पुढच्या गाडीने परत गेले.

त्यानंतर दर उन्हाळ्यात त्यांचा फोन यायचा. "पानी खाली गेलंय. विहिरीवर ये की, एक दावायचंय." मला पेपर तपासायचे असत. शिवाय विहिरीत काय बघायचं?

यंदा माघात अण्णा गेले. सावडायच्या दिवशी आईने तो दात अस्थींच्या मडक्याशेजारी आणून ठेवला. घरात कुणाचंही हाड ठेवू नये, ही तिची जुनी तक्रार. "ह्याच्या मागं कुनी न्हाई. त्यांच्यासंगं ह्यालाबी मोकळं कर." मी अडवलं नाही. थराविना तो दात शास्त्राच्या काही कामाचा नाही, हे मीच तर सांगितलं होतं. प्रवरासंगमावर अण्णांच्या अस्थींमागोमाग तो पाण्यात सोडला.

वैशाखात गावी असताना मोटर पाणी उचलेना म्हणून मी विहिरीवर गेले आणि वाकून पाहिलं. बांधकाम संपतं तिथून खाली उघडी माती, मग वाळू, मग गोट्यांचा पट्टा. त्या पट्ट्यात चुन्याचा पुसट गोल होता, ताटलीएवढा.

आईला विचारलं.

"ते काडायचे. दर साली दोर लावून उतरायचे. पान्यानं चुना फिका व्हायचा, परत लावायचे. मी म्हनायची, म्हातारपनी कशापायी? तर म्हनायचे, पोरगी आली की दावायचंय, दात हितला हाय म्हनून."

मला माझी इतकी लाज वाटली की आईसमोर उभं राहवेना. विहिरीच्या काठावर बसून मी खूप रडले. मग वहीत लिहिलं: पाच पुरुष खोल, गोट्यांचा थर, पूर्वेचं अंग. दात नाही, तो काढणाराही नाही.

मृगानंतर पाणी चढेल आणि उरलासुरला चुनाही जाईल. परत लावायला मला दोरावर उतरता येत नाही.