घरपोच वांटो

माझ्या भावाला वेडा म्हणायचं असेल तर माझ्या तोंडावर म्हणा. मागून कुजबुजलेलं मला खपत नाही, हे वाडीत सगळ्यांना ठाऊक आहे. मी नर्मदा, इथल्या अंगणवाडीत मुलं सांभाळते. बाबली माझा धाकटा भाऊ. आईवडील गेल्यापासून घरात आम्ही दोघंच.

बाबली रापणीतला माणूस. होडीने समुद्रात अर्धगोल जाळं सोडायचं आणि त्याच्या दोन्ही टोकांच्या दोऱ्या वाळूत उभं राहून ओढायच्या, ही रापण. ज्याने दोरीला हात लावला त्याला मासळीचा वाटा. आम्ही त्याला वांटो म्हणतो. जे थकले, ज्यांना आता ओढवत नाही, त्यांचा वांटो घरपोच जातो. रीत चांगली आहे, नाही कोण म्हणतं? पण त्याच रीतीने माझ्या धडधाकट भावाला म्हातारं करून टाकलं.

तरुणपणी बाबलीचं मन बिघडलं होतं. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी गोळ्या सुरू केल्या आणि माणूस ताळ्यावर आला. दर महिन्याला यष्टीने जायचं, गोळ्या आणायच्या, सकाळी पेज जेवून एक घ्यायची. दोरीवर त्याची जागा रापणीच्या म्होरक्याच्या, परशुरामच्या मागे. इतक्या वर्षांत त्याने एकदाही खाडा केला नाही.

मग कोरोना आला. यष्टी बंद झाली. डॉक्टरीणबाईंना कोविडच्या वॉर्डात पाठवलं. गोळ्या संपल्या, तर औषधवाला म्हणतो नवी चिठ्ठी आणा. चिठ्ठी देणारी बाई वॉर्डात आणि वॉर्डाच्या दारात मला उभंसुद्धा करत नव्हते. कोणाच्या नावाने खडे फोडायचे?

त्याच दिवसांत किनाऱ्यावरच्या बंगल्यात पुण्याहून अनिश आला, आईबरोबर, गाडीचा पास काढून. घरात बसून ऑफिसचं काम करता करता पोरगा खचला होता. झोपत नव्हता, जेवत नव्हता, रडायचा. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण त्याचा डॉक्टर मोबाईलवर भेटायचा, चिठ्ठी मोबाईलवर यायची आणि गाडी कुडाळला जाऊन गोळ्या घेऊन यायची. वाडीतले हळहळायचे, "बिचारो, डिप्रेशन इला तेका." त्याला बरं वाटावं म्हणून होडीतून फिरवून आणायचे.

इकडे बाबलीची झोप उडाली. दिवसभर किनाऱ्याने चालायचा, स्वतःशी बोलायचा. तोंडाला मास्क नाही म्हणून नाक्यावरच्या पोलिसाने त्याला काठीने झोडपलं. पाठीवर वळ घेऊन घरी आला आणि मला विचारतो, "बाय, माजा काय चुकला?" वाडीतल्या लोकांनी ते बघितलं होतं. "येड लागला तेका," म्हणाले आणि दारं लावून घेतली. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, असं म्हणतात ना? इथे सगळं उलटंच. पाहुणा तो बाब्या आणि आमचा बाबली ते कार्टं.

यष्टी सुरू झाली, गोळ्या मिळाल्या, बाबली हळूहळू सावरला. एका सकाळी दोरीवर गेला, तर परशुराम म्हणाला, "तू बस रे. तुझो वांटो घराक येतलो." आला की. टोपलीत बांगडे. बाबली पडवीत खांबाला टेकून त्या टोपलीकडे बघत राहिला. म्हणाला, "बाय, माका वांटो नको. दोरी व्हयी."

मला वाटलं, चार दिवसांत निवळेल. कसलं निवळतंय. मास्क गेले, शाळा भरल्या, अनिशचं लग्न होऊन तो बायकोला समुद्र दाखवायला आला, तरी टोपली दारात येतच होती. वर लोक मलाच म्हणायचे, "बसान खाता, नशीबवान." बाबलीने मासे खायचं सोडलं. गेल्या आठवड्यात त्याने गोळीही परत डबीत ठेवली. "बरो होवन काय करू?" म्हणाला. गोळी सुटली की पुढे काय होतं, ते मी एकदा बघितलंय.

मी ती टोपली उचलली, किनाऱ्यावर नेली आणि परशुरामच्या पायाशी उपडी केली.

"डोकां फिरला काय गो?" तो म्हणाला.

"फिरलाच हा. अनिशाक काय झाला हुता?"

"तेका डिप्रेशन."

"आणि बाबलीक?"

परशुरामने मान दुसरीकडे वळवली. मग म्हणाला, "नर्मदे, भरल्या जाळ्यात तेना मदीच दोरी सोडल्यान तर? दहा माणसां पडतली."

"कधी सोडल्यान? सांग ना, कधी?" माझा आवाज चिरकला. "तेका काठी बसली तेवा तुम्ही सगळे थंयच हुतास. दोरी तुम्ही सोडलास."

मी रिकामी टोपली उचलली आणि घरी आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाबलीसमोर पेज आणि गोळी ठेवली आणि म्हटलं, "खा. दोरीवर जावचा आसा." त्याने माझ्याकडे बघितलं आणि गोळी घेतली.

किनाऱ्यावर कोणी ये म्हटलं नाही, कोणी जा म्हटलं नाही. बाबली परशुरामच्या मागे आपल्या जागी उभा राहिला. त्याच्या मागचा माणूस दोन पावलं मागे सरकला. अजून, इतक्या वर्षांनी. मी पदर खोचला आणि त्या रिकाम्या जागेत शिरून दोरी धरली. बाईमाणूस दोरीवर बघून काही जण हसले. हसू देत.

"पाय वाळूत रोव गो," बाबली मागे न बघता म्हणाला. "हातान नको ओढू, कमरेक जोर लाव."

जाळं किनाऱ्याला लागेपर्यंत माझे तळवे सोलवटले. राग अजून होता तसाच आहे, आणि तो मी कोणासाठी गिळणार नाही. त्या दिवशी आमच्या दारात टोपली आली नाही. बाबलीने आपले बांगडे स्वतःच्या हाताने घरी आणले आणि म्हणाला, "बाय, तिरफळ घालून कर."