डायनामोच्या पोटातलं कुंकू

देवावर माझी श्रद्धा पक्की होती. शंका होती ती मोटारसायकलीवर. लढाईनंतर लिलावात निघालेली ती जुनी गाडी मी, एक साधा शाळामास्तर, हौसेनं घेऊन बसलो होतो. गोंदियाच्या मिस्त्रीनं पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "गुरुजी, इसकी जान डायनामो में है. बॅटरी यही भरता है." दसऱ्याला सगळे आपापल्या अवजारांना कुंकू लावतात. मी पडलो भाविक. डायनामोचं झाकण काढलं आणि जिथे प्राण तिथेच तेलात कालवलेलं कुंकू लावलं.

तेव्हापासून दिव्यावरच्या छोट्या घड्याळाचा काटा डावीकडे झुकला. म्हणजे बॅटरी भरायची सोडून रिकामी होऊ लागली. मी ती गोंदियाहून भरून आणायचो आणि घरी आलो की पुन्हा मनोभावे कुंकू लावायचो. काटा ढिम्म. देव माझी परीक्षा पाहतो आहे असं वाटायचं आणि, खोटं कशाला बोलू, त्याचा थोडा अभिमानही वाटायचा.

अशातच बायकोला कळा लागल्या. पहिलंच बाळंतपण, आणि मूल पायाकडून येतंय म्हणून सुईणीनं हात टेकले. सकाळीच गोंदिया गाठलं, नर्सबाईंना मागे बसवलं आणि परत निघालो. वाटेत नागरा गावाजवळ गाडी दोनदा खोकली आणि बंद पडली. महादेवाच्या देवळाकडे तोंड करून मी डोळे मिटले. "गुरुजी, देव कुठी जात नाही," नर्सबाई कडाडल्या, "तिकडं पोर अडकून राहिलं!"

तेवढ्यात तलावाच्या पाळीवरून म्हशी हाकत एक म्हातारा खाली आला. पलटणीत असताना अशाच गाडीवर डाक वाहिली म्हणाला.

"काटा कोनीकडे जाते?"

"डावीकडे."

"मंग डायनामो करंट देऊन नाई राहिला." त्यानं झाकण उघडलं आणि बघतच राहिला. "हे लाल लाल काय जी?"

"पूजा," मी पुटपुटलो.

"कुंकू बाहेरून लावा ना! पोटात कायले भरता? याले आत कोरडं लागते."

नर्सबाई एवढ्या काळजीतही खळखळून हसल्या. म्हाताऱ्यानं पंचाचं टोक पेट्रोलमध्ये भिजवून माझी सगळी भक्ती पुसून काढली. तंबाखू मळून होईपर्यंत बॅटरीला विसावा दिला, मग तिघांनी गाडी पाळीवर चढवली आणि उतारावर सोडली. मी गिअर टाकला, इंजिन धडधडलं, काटा उजवीकडे सरकला. मागे नर्सबाई पदर खोचून धावत येत होत्या. घाईत त्या म्हाताऱ्याचं नाव विचारायचं राहून गेलं.

मुलगी झाली, पण रडेना. दाराबाहेर उभा राहून मी ऐकत होतो. आत फक्त नर्सबाईंच्या थापटण्याचा आवाज. तो आवाज मी आयुष्यभर विसरणार नाही. मग बारीकसा टाहो ऐकू आला. बाई दारात येऊन म्हणाल्या, "अजून थोडा उशीर झाला असता तर हाती लागली नसती."

शरण जाणं म्हणजे देवाच्या कामात आपली बोटं न घालणं, एवढं मला त्या दिवशी कळलं. मी ओट्यावर बसून ढसाढसा रडलो. आतून बायकोचा थकलेला आवाज आला, "पोरीनं रडाचं होतं, तुमी काऊन रडून राहिले?"