मोहुर्ले साहेबांचे वॅट

सायकलच्या दुकानात दोन गोष्टी न मागता जमा होतात. एक जुन्या ट्यूबा, दुसरे किस्से. ट्यूबा निदान कोणीतरी सामान बांधायला घेऊन जातो. किस्से मात्र खिळ्याला लटकूनच राहतात, आणि संध्याकाळी चार ओळखीची टाळकी जमली की त्यातला एखादा काढावाच लागतो. गेल्या वर्षभरातला जवळजवळ सगळा माल एकाच माणसाने पुरवला, म्हणून मी त्यांचा आभारी आहे.

हे आमचे मोहुर्ले साहेब. एका खाजगी खाणीत इंजिनियर, वय पन्नाशीच्या अलीकडे, आणि चंद्रपूरच्या आमच्या सकाळच्या सायकल ग्रुपचे कोच. कोच त्यांना कोणी केलं नाही, ते आपले आपणच झाले. त्यांनी माझ्याकडून पॉवर मीटर घेतला. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो, पॉवर मीटर म्हणजे पेडलमध्ये बसवलेलं एक यंत्र. पाय किती जोर लावतोय ते वॅटमध्ये मोजतं आणि हँडलवरच्या छोट्या स्क्रीनवर दाखवतं. आता आमच्या गावाच्या वीज केंद्राच्या चिमण्या कुठे कुठे वीज पाठवतात ते जगाला माहीत आहे. त्या गावात माणूस दोनशे वॅट काढून छाती फुगवतो. दोनशे वॅट म्हणजे दोन बल्ब. तेही जुने, पिवळे.

घेताना मी धंद्याच्या विरुद्ध जाऊन विचारलं, की साहेब, जोर किती लावला ते आपले पाय सांगत नाहीत का?

"पाय खोटं बोलतात, सलीमभाई," ते म्हणाले.

मी लगेच पेडल काढून बसवायला घेतले. ज्या गिऱ्हाइकाचा स्वतःच्या पायांवर भरवसा नाही, त्याला दुसऱ्या दुकानात जाऊ द्यायचं नसतं.

*

साहेबांना वॅट कशाला हवे होते? साडूसाठी.

आमच्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा भरते, आणि मंडई म्हटली की नाटक आलंच. नाटकाच्या आधी उद्घाटन. उद्घाटनाला उद्घाटक, सहउद्घाटक, अध्यक्ष, उपाध्यक्ष, प्रमुख पाहुणे. इतके मानकरी, की स्टेज नाटकाने नाही वाकत, उद्घाटनाने वाकतं. मोहुर्ले साहेबांचे सासरे वडशाजवळचे धानाचे व्यापारी. गावच्या नाटक मंडळात त्यांचाच शब्द चालतो. त्यांना दोन जावई. मोठ्या मुलीचे मोहुर्ले आणि धाकटीचे निकोडे सर, गडचिरोलीला शाळेत शिकवतात.

मागच्या मंडईला सासऱ्यांनी धाकट्या जावयाला उद्घाटक केलं आणि मोठ्याला सहउद्घाटक. बॅनरवर निकोडे सरांचा चेहरा परातीएवढा. मोहुर्ले साहेब सगळ्यात खालच्या रांगेत, मंडपाच्या खुर्च्या देणाऱ्याच्या शेजारी, मोहरीएवढे.

त्यानंतर दोन-तीन महिने दोन्ही बहिणींचे फोन बापाकडे. शेवटी म्हातारा कंटाळला. दोघेही सायकल चालवता ना, म्हणाला, मग पुढच्या मंडईला चंद्रपुराहून सायकलनेच या. माझ्या दारात जो आधी उतरेल तो उद्घाटक.

निवाडा अगदी व्यापाऱ्याला शोभेल असा. मला तर फार आवडला.

*

पहिलं काम, टेस्ट. वीस मिनिटं जीव काढून सायकल मारायची. त्यातून जो आकडा निघेल त्यावर पुढचं सगळं ट्रेनिंग. साहेबांनी मूल रोडचा एक सरळ तुकडा निवडला आणि आम्हा ग्रुपवाल्यांना एकेका फाट्यावर उभं केलं. मंत्र्याची गाडी यायची असावी तसा बंदोबस्त. मी ट्रक थांबवले, दुसऱ्याने टिप्पर थांबवले. म्हशी थांबवायचं काम कोणाला दिलंच नव्हतं.

टेस्टची दोन-तीन मिनिटं उरली असताना म्हशींचा अख्खा कळप रस्त्यावर आला. थांबले तर आकडा गेला. म्हणून साहेब म्हशींच्या अलीकडे रस्त्यातच गोल गोल फिरायला लागले. जीभ बाहेर, डोळे स्क्रीनवर. गुराखी बराच वेळ बघत राहिला. मग माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "यायले दवाखान्यात नेऊन राह्यले का इथीच काही करता?"

*

आकडा आला दोनशे दहा. पण तेवढ्याने भागत नाही. वॅटला वजनाने भागायचं असतं. वॅट वाढवायला घाम लागतो, वजन कमी करायला अक्कल लागते, असं साहेबांचं मत. त्यांनी आधी घंटी काढली. मग स्टँड. मग मडगार्ड. मग बाटलीतलं पाणी, तेही एप्रिलमध्ये, चंद्रपुरात. रस्त्यात आमचंच पाणी मागून प्यायचे. दुसऱ्याच्या बाटलीतल्या पाण्याला बहुतेक वजन नसतं.

सायकलवरचं काढायचं संपलं तेव्हा ताटातलं सुरू झालं. एक दिवस त्यांच्या मिसेस, सुनंदा वहिनी, दुकानात आल्या.

"भाऊ, तुमी यायले काय विकलं?"

मी म्हटलं, सायकलचं सामान.

"मंग भात काऊन तराजूत तोलून राह्यले? परवा भाचीच्या लग्नात जिलबी हातात धरून वजन सांगितलं त्यायनं. माहेरचे समदे पाहत होते."

मी म्हटलं, वहिनी, बंद करायला सांगू का?

"नोका सांगू," त्या म्हणाल्या. "मागच्या मंडईत लहान बहीण पहिल्या रांगेत सोफ्यावर बसली. मले मागून मान वर करून पाहा लागलं. यंदा मले त्या सोफ्यावर बसाचं हाये. जिलबीच्या पायी होत असन, तर होऊ द्या."

साहेबांच्या आकड्यांच्या मागे खरी ओढ कोणाची होती, ते मला त्या दिवशी कळलं.

*

मग मे महिना आला. मे महिन्यात आमच्याकडे माणूस, जनावर, झाड, विहीर, सगळं आटतं. एकटे मोहुर्ले साहेब वाढत होते. दोनशे वीस. दोनशे पस्तीस. रोज सकाळी दुकानासमोरून जाताना बोटांनी आकडा दाखवून जायचे. आम्ही वजन उचलतो, शिड्या चढतो, आणि उन्हाळ्यात आमचे पाय वळतात. हा माणूस लू खाऊन तगडा होतोय म्हटल्यावर ग्रुपमधल्या दोघांनी सायकलच सोडून दिली. निकोडे सरांनीही गडचिरोलीहून मला फोन करून सहज विचारल्यासारखं विचारलं, की आमचे साडूभाऊ काही औषध तर घेत नाहीत ना? मी म्हटलं, गिऱ्हाइकाचं गुपित मी सांगत नाही. मला काही ठाऊक नव्हतं, पण सांगणार नाही म्हटलं की वजन पडतं.

पुढे पहिला थंड दिवस उजाडला आणि साहेबांचे तीस वॅट एका दिवसात गेले. ते अंथरुणाला खिळले. शुगर, थायरॉइड, छातीचा आलेख, सगळं काढलं. सगळं चांगलं. रिपोर्टची वाट बघताना वाचायला दुसरं काही नव्हतं म्हणून त्यांनी मीटरसोबत आलेला कागद पहिल्यांदा वाचला. त्यात होतं, की रोज निघण्याआधी यंत्र शून्यावर आणा, थंडी-उन्हाने आकडा सरकतो. साहेब सायकल रात्रभर एसीच्या खोलीत ठेवायचे, वहिनी बाहेर हॉलमध्ये कूलरजवळ झोपायच्या, आणि सकाळी सायकल थेट भट्टीत. वाढत होतं ते यंत्र. साहेब होते तिथेच होते.

लाज वाटेल असं मला वाटलं होतं. ते म्हणाले, "तब्येत ठीक हाये सलीमभाई. मशीनले उन्ह लागलं होतं."

*

वाघाचा किस्सा लहान आहे. जंगलाच्या रस्त्याने आम्ही पाच जण चाललो होतो. साहेबांच्या प्लॅनमध्ये त्या दिवशी आराम होता. आराम म्हणजे एकशे वीस वॅटच्या वर जायचं नाही. वळणावर वाघ. रस्त्याच्या कडेला, निवांत, पाय पसरून. आम्ही चौघांनी सायकली फिरवल्या आणि मागे वळून पाहिलं, तर साहेब तिथेच उभे, खाली मान घालून स्क्रीनची बटणं दाबत. दबक्या आवाजात हाका मारल्या तरी हलेनात. शेवटी वाघच उठून गेला.

नंतर आम्ही विचारलं, साहेब, काय करत होता?

"पॉज करून राह्यलो होतो. नाई त एव्हरेज पडते."

*

आणि आता मंडई. चंद्रपूर ते वडसा, मूल, सिंदेवाही, नागभीड, ब्रह्मपुरी करत. निकोडे सर आदल्या दिवशीच चंद्रपूरला साडूच्या घरी मुक्कामाला आले. ज्याला हरवायचं त्याला मोहुर्ले साहेबांनी जेवू घातलं आणि स्वतः तोललेला भात खाल्ला. वहिनी दोन दिवस आधीच बसने माहेरी गेल्या होत्या. दोघांच्या मागे मोटरसायकलवर मी, पंच म्हणून. सासऱ्यांनीच नेमलं होतं.

खरं सांगायचं तर शर्यत अशी झालीच नाही. निकोडे सर शाळेला निघाल्यासारखे निघाले. मूलला एक जुना विद्यार्थी भेटला, त्याच्याशी बोलले. सिंदेवाहीला दुसरा भेटला, त्याच्याकडे पोहे खाल्ले. मोहुर्ले साहेबांनी दोन्ही बाजूंची धानाची कापणी पाहिली नाही, जंगल पाहिलं नाही, मला पाहिलं नाही. दोनशे म्हणजे दोनशे. चढावर दोनशे, उतारावर दोनशे. माझी सगळी टवाळी गिळून मी मनातल्या मनात म्हटलं, सलीम, हा गडी जिंकला.

शेवटच्या फाट्यावरून मी मोटरसायकल पुढे काढली. सासऱ्यांच्या दारात अर्धं गाव उभं होतं. सासरे हातात शेला घेऊन. सासूबाई पाण्याचा तांब्या आणि ओवाळणीचं ताट घेऊन. सुनंदा वहिनी सगळ्यांच्या पुढे, नव्या पातळात. धाकटी बहीण बिचारी खांबाआड. निकोडे सर दोन-तीन किलोमीटर मागे आहेत असं मी सांगितलं, आता काय गाठतात म्हणून लोक हसले.

साहेब आले. दारासमोर सगळ्यांना हात केला. आणि थांबले नाहीत.

"दहा मिनिटं कूल डाऊन बाकी हाये," त्यांनी जाता जाता सांगितलं.

"अजी, आधी उतरा ना," वहिनी दोन पावलं मागे धावल्या.

"आता उतरलो त अख्खी राइड खराब होते."

आणि ते स्क्रीनकडे बघत, हळू हळू, राइस मिलच्या बाजूला निघून गेले. कूल डाऊन म्हणजे पाय थंड करायला सावकाश सायकल मारायची. आम्ही सगळे मिलच्या वळणाकडे बघत उभे राहिलो. तेवढ्यात मागून घंटी वाजली. निकोडे सर आले, सायकलवरून उतरले, स्टँड लावला, सासूबाईंच्या पाया पडले आणि म्हणाले, "साडूभाऊ कुठी गेले?"

सासऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पंच. मी म्हटलं, दारात उतरले ते हे.

शेला निकोडे सरांच्या खांद्यावर गेला. धाकटी बहीण हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं.

मोहुर्ले साहेब परत आले तेव्हा घामाने निथळत होते आणि चेहऱ्यावर इतकं समाधान, की मला बघवेना. त्यांनी सायकल ओट्याला टेकवली. "सलीमभाई," ते म्हणाले, "एक वॅट इकडं नाई का तिकडं नाई. प्लॅन होता तसाच." मग बूट काढले आणि पाय धुवायला पुढे केले.

वहिनींनी आईच्या हातातून तांब्या घेतला. खाली बसल्या. सायकलचं डावं पेडल धुतलं, मग उजवं. उठून ताटातलं कुंकू घेतलं, हँडलवरच्या स्क्रीनला लावलं आणि ओवाळलं. मग सायकलचं हँडल धरलं.

"आई," त्या म्हणाल्या, "तुये मोठे जवाई आले." आणि सायकल घेऊन घरात गेल्या.