सुतळीशिवाय ओढलेली रेषा

आगाशीपासून वालीवपर्यंत जेवढं म्हणून सरळ होतं, तेवढं माझ्या नवऱ्याच्या मामांनी काढलेलं होतं. बाकी रस्ते, गटारं, कुंपणं, नव्या इमारतींचे जिने, सगळं थोडंफार वाकडंच. मामा बोर्ड रंगवायचे. कारखान्यांचे, दुकानांचे, शाळांचे, देवळांचे, टेम्पोच्या पाठीवरचे. इतर पेंटर आधी खडू लावलेली सुतळी पाटीवर ताणून तिचा ठसा उमटवत आणि त्या ठशावरून अक्षरांची शिरोरेषा ओढत. मामांनी सुतळी कधी वापरली नाही. श्वास रोखायचे आणि आठ फुटांची रेघ एका दमात ओढून मोकळे व्हायचे. वालीवच्या एका कारखानदाराने एकदा शंका येऊन त्या रेघेवर पट्टी धरली. मामांनी ब्रश धुतले, डबा बंद केला आणि समोरच्या टपरीवर चहा पीत बसले. "तुमचा पट्टीवर भरवसा आहे ना? मग तिलाच रंगवू द्या," म्हणाले. कारखानदाराने माफी मागितल्यावरच उरलेली अक्षरं झाली.

मग फ्लेक्स आले आणि मामांचं काम दोन वर्षांत संपलं. घरी बसलेला सरळ माणूस किती त्रास देतो ते मामींनाच ठाऊक. एक दिवस त्या मला म्हणाल्या, "ह्यांना काहीतरी कामाला लाव गं बाई. माझ्या भाकरीचा गोल तपासतात."

मी तेव्हा विरार पश्चिमेला सायबर कॅफे चालवत होते. आधी टायपिंग क्लास होता. मशीन भंगारात घालून सहा कॉम्प्युटर घेतले होते. मामांना एका जागी बसवायचं म्हणून मी त्यांना चित्रकारांची एक साइट दाखवली. देशोदेशीचे लोक तिथे दर आठवड्याला आपलं चित्र टाकत आणि खाली चार ओळी लिहीत, चित्र काढताना मनात काय चाललं होतं त्याबद्दल. मामांनी तासभर पाहिलं. पुढच्या रविवारी ते इस्त्रीचा शर्ट घालून, कार्डशीटवर रंगवलेली एक पाटी घेऊन हजर. आगाशीच्या बाजारातल्या एका किराणा दुकानाची पाटी होती ती, फ्लेक्ससाठी उतरवलेली. अशा उतरवलेल्या सगळ्या पाट्या आठवून आठवून पुन्हा रंगवायच्या, असं त्यांनी ठरवलं होतं. शर्टाचं विचारलं तर म्हणाले, "लोकांसमोर जायचंय."

त्यांच्या रविवारांनी माझं गिऱ्हाईक हैराण झालं. बोर्ड हा रस्त्यापलीकडून बघायचा असतो, असं त्यांचं मत होतं. त्यामुळे एक मॉनिटर मला काचेच्या दाराकडे तोंड करून ठेवावा लागला. मामा रस्ता ओलांडून समोरच्या फुटपाथवर उभे राहत, तिथून कॅनडातल्या कुणाचं तरी चित्र बघत आणि पुन्हा रस्ता ओलांडून मला मत सांगायला येत. दार उघडंच राही. "ओ अंकल, आत तरी या नाहीतर बाहेर तरी राहा ना, एसी चालूय!" असं कुणीतरी ओरडायचं. मामा म्हणायचे, "तुमचं चालू द्या, माझं बघून झालं की लावतो."

मत ते मराठीत सांगत, मी माझ्या टायपिंग क्लासच्या इंग्रजीत उतरवत असे. नागपूरचे एक निवृत्त गृहस्थ घोड्यांची चित्रं टाकायचे. मामांनी कळवलं, "घोडे उत्तम. पाय मोजावेत." आठ दिवसांनी उत्तर आलं, "मोजले. आपलं म्हणणं खरं आहे." कॅनडातली एक बाई फक्त आपल्या स्वयंपाकघराची खिडकी रंगवायची, बर्फातली, पावसातली, उन्हातली. तिच्यावर मामांचा जीव होता, कारण तिच्या खिडकीची चौकट काटकोनात असायची. स्वतःच्या चित्राखाली मामा लिहायला सांगत: "ऑइल पेंट. मूळ पाटी दोन बाय तीन फूट. दोन दिवस." बाईने विचारलं, पण तुम्हाला काय वाटलं? मामांनी मला विचारलं, "काय वाटलं म्हणजे?" मी म्हटलं, "तेव्हाचं काही सांगा." मग म्हणाले, "लिही. मूळ पाटी मी मे महिन्यात रंगवली. ऊन फार लागलं. दुकानदाराच्या आईने पन्हं दिलं. ती म्हातारी आता नाही आणि दुकानही नाही." त्या पाटीला त्या महिन्यातली सगळ्यात जास्त उत्तरं आली. मामांनी ती सगळी वहीत मराठीत उतरवून घेतली. मग दर रविवारी असं काहीतरी निघायला लागलं.

वर्षभराने त्यांनी एका शिंप्याची पाटी आणली. मी ती स्कॅन केली आणि मला वाटलं, कागद तिरका लागला. पुन्हा लावला. कागद सरळ होता. शिरोरेषा मधे खाली आली होती, ओल्या कपड्यांनी दोरी लोंबते तशी. पुढच्या रविवारची पाटीही तशीच.

मी तोंडावर बोलणारी बाई आहे. गिऱ्हाईकाला, नवऱ्याला, सासूलासुद्धा. पण मी गप्प बसले. हात थकला असेल, म्हटलं. कशाला बोला.

साइटवर मात्र उत्सव सुरू झाला. तिथल्या बहुतेकांना देवनागरी येत नव्हती. त्यांना पाटी दिसत नव्हती, लाट दिसत होती. नागपूरकरांना येत होती, पण पायांच्या प्रकरणापासून ते जपून बोलायचे. कॅनडाच्या बाईने तर भरभरून लिहिलं. मी मामांना सांगितलं, "बाई म्हणतात, छान आहे."

"एवढ्या लांब मजकुराचा एवढाच अर्थ?"

"इंग्रजीत लांबतं, मामा."

असे तीन रविवार गेले. चौथ्या रविवारी मामांनी वही मिटली. "सूनबाई, बाई दहा ओळी लिहिते आणि तू दोन शब्द सांगतेस. मला पूर्ण उतरवायचंय. वाच."

वाचलं. जन्मभर सरळ रेषा ओढल्यावर तुम्ही ती आता वाकू दिलीत, त्याला धैर्य लागतं, असं बाईने लिहिलं होतं.

"वाकू दिली? काय वाकू दिलं?"

मी स्क्रीनवर बोट ठेवलं. मामा रस्त्यापलीकडे गेले, तिथून बघून परत आले. "सरळ तर आहे."

"मामा, मधे खाली आलीय."

"पट्टी दे."

मी प्लास्टिकची पट्टी दिली. त्यांनी ती स्क्रीनवर शिरोरेषेला लावली आणि बराच वेळ बघितलं. "ही पट्टीच वाकडी आहे तुझी. उन्हात ठेवली असशील." मी स्टीलची दिली. तीही त्यांनी लावून पाहिली. "हीपण वाकडी."

शेजारी फॉर्म भरत बसलेला माणूस हसून म्हणाला, "अंकल, स्टीलची कशी वाकेल?"

मामांनी पट्टी खाली ठेवली. एक डोळा मिटून दाराच्या चौकटीकडे पाहिलं. मग तो उघडून दुसरा मिटला. मग खिडकीचे गज पाहिले, एकेक करून सगळे. मी विचारलं, काय झालं. म्हणाले, "काही नाही. दार बघत होतो."

दुसऱ्या दिवशी मी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजत होता. गेलेलं परत येणार नव्हतं; उरलेलं किती टिकेल ते सांगता येत नव्हतं. तीन-चार आठवडे आधी आणलं असतं तर फरक पडला असता का, हे मी दोनदा विचारून घेतलं. नाही म्हणाले.

परतताना रिक्षात मामांनी विचारलं, "तुला दिसत होतं?"

"हो."

"किती रविवार?"

"तीन."

आगाशीला उतरताना म्हणाले, "पेंटरजवळ उभं असलेल्या माणसाने रेघ वाकडी गेली तर सांगायचं असतं. त्याचं दुसरं काम काय?"

पुढच्या रविवारी ते येणार नाहीत असं मी धरून चालले होते. इस्त्रीच्या शर्टात आले आणि मजकूर सांगू लागले. मी म्हटलं, "कशाला, मामा? लोक खूश आहेत. त्यांना ती तुमची नवी पद्धत वाटतेय, वाटू द्या."

"चुकलेल्या कामाचं कौतुक घ्यायचं नाही. लिही. सर्वांना कळवण्यात येते की, मागील चार पाट्यांवरची रेषा मी वाकवलेली नाही. मला ती सरळ दिसत होती. डोळ्याचा दोष आहे. कौतुकाबद्दल आभार, परंतु ते परत घ्यावे."

बाईचं उत्तर आठवडाभराने आलं. मी तुमच्या आजाराला टाळ्या वाजवल्या, मला क्षमा करा, असं तिने लिहिलं होतं. या वेळी मी एक अक्षर गाळलं नाही. मामा म्हणाले, "कळव त्यांना, क्षमा कशाची. बाईंनी दिसलं ते सांगितलं. घरच्यांनी तेवढंही केलं नाही." माझ्याकडे बघितलं नाही, पण ऐकू येईल इतक्या मोठ्याने म्हणाले.

मधलं दिसेनासं झालं तरी ते येत राहिले. आता मी चित्र सांगायचं आणि त्यांनी ऐकायचं. हे काम मला अजिबात जमायचं नाही. "मागे निळं आहे." "कुठलं निळं?" "निळं म्हणजे निळं, मामा." "शाळेच्या शाईचं, की रॉकेलचं?" मी पुन्हा बघायची. रॉकेलचं असायचं. आयुष्यात कधी एवढं निरखून काही बघितलं नव्हतं मी, आणि वेळही जायचा. पण रविवारी मी दुसरं काम घेत नसे.

दिवाळीच्या आधी ते वर्तमानपत्रात गुंडाळलेली कार्डशीट घेऊन आले. डोळ्यांच्या कडेने जेवढं दिसत होतं तेवढ्यावर, तिरकं बसून रंगवली होती. सोळाव्या वर्षी आगाशीच्या देवळासाठी केलेली त्यांची पहिली पाटी: 'चपला बाहेर काढाव्यात.'

"सांग," म्हणाले.

मी ती उजेडात धरली. खरंच घाई केली नाही.

"सरळ नाही, मामा."

"किती?"

"मधे बोटभर खाली. आणि 'व्या' जरा वर गेलाय."

"वर?" त्यांनी मान हलवली. "ते मला कळलंच नव्हतं. बरं, चढव. खाली लिही, रेषा बोटभर खाली, 'व्या' वर. सूनबाईने पाहिलं आहे."

मी तसंच लिहिलं. मामा आता नाहीत, कॅफे मी विकला, ती साइटही कधीतरी बंद पडली. त्या पाटीखालची उत्तरं कागदावर काढून ठेवायला हवी होती, राहिलं ते. कुणीतरी विचारलं होतं, सूनबाई म्हणजे कोण? मी मामांना म्हटलं, काय लिहू?

"टायपिस्ट," मामा म्हणाले. मी बोटं कीबोर्डवर ठेवते तोच त्यांनी मला थांबवलं.

"नको. तपासनीस लिही."