गुर्जी, तू छत्री धर

चाळिशी ओलांडल्यावर देवराम गुरुजी पहाटे पळायला लागले, तेव्हा खोडाळ्याच्या बाजारात दोन तर्क निघाले. पहिला असा की डॉक्टरांनी साखर सांगितली असावी. दुसरा पाणवठ्यावर चालला आणि तो इथे लिहिण्यासारखा नाही. खरं कारण शाळेच्या सूचनाफलकावर लावलेलं होतं. जानेवारी १९९९ मध्ये मोखाड्याला शिक्षकांच्या तालुका क्रीडास्पर्धा, त्यात चाळीस वर्षांवरील गटासाठी 'गमतीची अडथळा शर्यत'. दोरीखालून सरपटायचं, ओंडक्यावरून चालायचं, चर ओलांडायचा, वाळूचं पोतं खांद्यावर घेऊन शंभर पावलं न्यायचं आणि शेवटी दोऱ्याला टांगलेलं बिस्कीट हात न लावता खायचं. शाळेतून एकच नाव गेलं.

"देवराम गुरुजी, या वयात हसं करून घ्यायची हौस आली का?" मुख्याध्यापकांनी विचारलं.

"पोतं आहे ना त्यात," गुरुजी म्हणाले.

मुख्याध्यापकांना काही उलगडा झाला नाही. व्हायला त्यांना एक वर्ष मागे आणि दोन तास वर चढून जावं लागलं असतं.

सूर्यमाळच्या अंगाला गुरुजींचा पाडा. धाकटी बहीण भागी त्याच पाड्यात सुकऱ्याला दिलेली. जीप येते त्या सडकेपासून पाड्यापर्यंत दोन तासांची पायवाट, मध्यावर ओहळ. माणूस आजारी पडलं की गोधडीची डोली करून बांबूला बांधायची. दोघे उचलतात, दोघे बाजूने चालतात आणि पाय न थांबवता खांदे बदलतात. हे तिथे कोणी कोणाला शिकवत नाही. गुरुजी मात्र आठव्या वर्षी आश्रमशाळेत गेले आणि तिथे गणित शिकले.

मागच्या वर्षीच्या श्रावणात भागीचे दिवस भरले. गुरुजी सुट्टीला घरी होते. मागचा बांबू त्यांनी हौसेने घेतला. ओहळात खांदा बदलताना ते थांबले. पुढचा चालत राहिला. बांबू निसटला आणि डोली दगडावर बसली.

भागी वाचली. मूल मेलेलं निघालं. डॉक्टर म्हणाले, ते आदल्या दिवशीच गेलं होतं. हे वाक्य गुरुजींनी त्यांच्याकडून तीनदा वदवून घेतलं. पाड्यात कोणी दोष दिला नाही, तो सोसून मोकळं व्हायची तेवढी सोयही गुरुजींना मिळाली नाही. यंदाच्या पावसात पाड्यातल्या एका म्हातारीची डोली निघाली. गुरुजी बांबूकडे सरसावले, तेव्हा सुकऱ्या शांतपणे म्हणाला, "गुर्जी, तू छत्री धर."

गुर्जी ही पदवी, तू हे नातं. छत्री मात्र दोन्हींत बसत नव्हती. आजाऱ्याच्या तोंडावर पाऊस पडू नये हेही काम असतंच, पण आजवर ते ज्यांचे गुडघे गेलेत त्यांच्याकडे असे.

म्हणून शर्यत. खताच्या गोणीत वाळू भरून गुरुजी पहाटे खोडाळ्याच्या उतारावर जात. पहिल्या आठवड्यात ओंडक्यावरून दोनदा पडले आणि हाताला फडकं बांधून वर्गात पाढे घेतले. रविवारी गोणी घेऊन ते पाड्यावर गेले. सुकऱ्या बांधावर बसला होता.

"काय गुर्जी, रेशन आलं का?"

"वाळू हाये."

"इथं कमी पडली होती का?"

दारातून भागी हसली. वर्षभरात ती पहिल्यांदाच हसत होती, म्हणून गुरुजींनी राग गिळला. हसणं ओसरल्यावर सुकऱ्याने बांबू आणला, गोणी मधोमध बांधली आणि पाड्यातल्या सोम्याला नि तुकाला हाक मारली.

"खाली नको बघू. पाय थांबला का वजन अंगावर येतं. मी आधी बांबूखाली आत घुसतो, मंग तू निघ. घुसल्याबिगर निघायचं नाय."

मग रविवारमागून रविवार वाळूची गोणी ओहळापार जाऊन परत येऊ लागली. दवाखान्यात इतक्या नेमाने कोणी माणूसही नेला नसेल. डिसेंबरात सुकऱ्या म्हणाला, "जमतंय."

"मंग पुढच्या येळी बांबू देशील?"

सुकऱ्याने गोणी सोडता सोडता उत्तर दिलं, "गोणी बोंबलत नाय, गुर्जी."

शर्यतीत पाच जण होते. पोत्यापर्यंत गुरुजी सगळ्यांच्या पुढे, पोत्यात तर त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. बिस्कीट मात्र काही केल्या तोंडात येईना. मैदान हसून लोटपोट झालं. तिसरा क्रमांक, प्लास्टिकची पाण्याची बाटली आणि प्रमाणपत्र. प्रमाणपत्र भागीने पत्र्याच्या पेटीत ठेवलं. तिला वाचता येत नव्हतं, पण शिक्का आवडला.

ऑगस्टात भागीला सातवा महिना होता. एका सकाळी पाड्यावरचा तुका धापा टाकत शाळेत आला. "गुर्जी, भागीच्या अंगावर जातंय. डोली बांधतायेत."

दोघे जीपने सडकेच्या टोकापर्यंत गेले, जीप थांबवून ठेवली आणि वर निघाले. एरवी ओहळापर्यंत तास लागे. गुरुजी अर्ध्या तासात पोचले, तुका मागेच राहिला. डोली नुकतीच पलीकडच्या काठावर आली होती. पुढे सुकऱ्या, मागे सोम्या, बाजूला छत्री धरलेली भागीची सासू. गोधडीचा तळ लाल झाला होता. ओहळ ओलांडून गुरुजी सोम्याच्या बाजूला लागले, शिकवल्याप्रमाणे, आधी आत घुसायला. सुकऱ्याने मागे वळून पाहिलं आणि पुन्हा नजर वाटेवर लावली.

डोलीतून आवाज आला. "दादा नको."

त्यात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

"दादा नको ना."

गुरुजींनी सासूच्या हातातून छत्री घेतली.

जीपमध्ये भागीचं डोकं त्यांच्या मांडीवर होतं. जव्हारच्या अलीकडे, वळणावर, तिने त्यांची बोटं सोडली. जीप तरीही दवाखान्यापर्यंत गेली, तिथे कागद झाला आणि दुपारी परतली.

सडकेच्या टोकाला तोच बांबू, तीच गोधडी. पुढचं टोक सुकऱ्याने उचललं. सोम्या दगडावर बसला होता, त्याच्याने उठवेना. मागचं टोक जमिनीवर पडून होतं. गुरुजींनी ते खांद्यावर घेतलं. कोणी अडवलं नाही. डोलीतूनही कोणी काही बोललं नाही.

ओहळात तुका बाजूला आला आणि आत घुसला, मग गुरुजी निघाले. पाय थांबला नाही. डोली हलली नाही.

पलीकडच्या चढावर सुकऱ्या मागे न बघता म्हणाला, "जमलं, गुर्जी."

पाऊस भुरभुरत होता. छत्री जीपमध्येच राहिली होती. कोणाला तिची आठवण झाली नाही.