मोहफुलांना दुप्पट भाव

भंडाऱ्यातून आमचा जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. गोंदियाच्या एका राईस मिलच्या मालकीणबाईंनी सालेकशाच्या जंगलपट्टीत, आमच्या गावात, मुलींची शाळा काढली. मी तिथल्या पहिल्या दहावीतली. मला नर्स व्हायचं होतं. बाईंनी माझी परीक्षेची फीसुद्धा भरली होती.

आमच्याकडे परीक्षा येते तेव्हाच मोह गळायला लागतो. मग पहाटेपासून अख्खं घर झाडाखाली आणि शाळेत बाक रिकामे. बाईंचं डोकं व्यापाऱ्याचं. फुलांना भाव नाही म्हणून पोरींनाही वेचायला नेतात, चांगला भाव दिला तर आईबापांनी वेचलेलं पुरेल, असा त्यांचा हिशेब. पटांगणात सभा घेऊन त्यांनी जाहीर केलं, "यंदा मोह मी घेणार, दुप्पट भावाने. पोरींना मात्र पेपरला पाठवायचं." टाळ्या कडाडल्या. मीही वाजवल्या, वेडी!

घरी येताच बाबा आईला म्हणाले, "दुप्पट भाव हाये. यंदा एक फूल सोडाचा नाई. पोरीलेबी घे."

पहिल्या पेपरला बाई स्वतः जीप घेऊन थेट आमच्या झाडाखाली आल्या. "चल, बैठ गाडी में," मला म्हणाल्या. मी टोपली खाली ठेवली. बाबा आडवे आले.

"भाव त तुमीच वाढवला, बाई. आता पोरीले कायले नेऊन राहिल्या?"

बाईंनी समजावलं, रागावल्या, हातही जोडले. बाबा ढिम्म. जीप रिकामीच गेली. मला बाबांपेक्षा बाईंचा राग जास्त आला. बाबांकडून मी कधी काही अपेक्षिलंच नव्हतं.

त्याच उन्हाळ्यात माझं लग्न उरकलं. बाईंनी मोह घेणं बंद केलं आणि परीक्षा केंद्राजवळ वसतिगृह बांधलं, मुलींनी मोहाच्या दिवसांत तिथेच राहावं म्हणून. उद्घाटनाला मी लेक मांडीवर घेऊन बायकांत बसले होते. बाई मंचावरून म्हणाल्या, "भाव वाढवून मीच वर्ग रिकामा केला. चूक माझी." चारचौघांत असं कोण कबूल करतं? पुन्हा टाळ्या. माझे हात लेकीत अडकले होते.

खाली उतरून बायकांमधून जाताना त्या माझ्यापाशी थांबल्या. लेकीच्या गालाला हात लावून म्हणाल्या, "हिला शिकव हं. इसको मत रोकना."

त्यांनी मला ओळखलं नव्हतं.

"हो, बाई," मी म्हणाले.