नागली कापेपर्यंत विमान थांबलं

जीपमध्ये पेट्रोलचा वास आला की मला साखरशेतचा माळ आठवतो. मी तिथं नुकतीच सून म्हणून आले होते. जव्हारला तेव्हा राजाचं राज्य होतं आणि त्याच्या हद्दीवरून परवानगीशिवाय विमान न्यायला बंदी होती. मुंबईचा एक पारशी तरुण धुक्यात वाट चुकला आणि आपलं छोटं विमान घेऊन आमच्या माळावर उतरला.

संस्थानचा शिपाई हुकूम घेऊन आला. "साहेबाला माफी आहे, पण विमान आत्ताच्या आत्ता हद्दीबाहेर गेलं पाहिजे."

उतरायला माळ पुरला होता, पण उडण्याआधी लांब धावायला विमानाला वाट एकच होती, आमच्या पिकल्या नागलीतून.

मी विमानासमोर जाऊन उभी राहिले. "आधी नागली कापू द्या. वरीसभर खायचं काय आम्ही?"

"दरबारचा हुकूम आहे, बाई!" शिपाई ओरडला.

"असू दे. मी नाय हलायची."

साहेबानं कोट काढला आणि माझ्याकडे विळा मागितला. ऊन कलेपर्यंत सगळा पाडा कापत होता. मग विमान धसकटांवरून धावलं आणि उडालं.

सगळे वर बघत होते, सासू मात्र माझ्याकडे. ती रागावली असं समजून मी मान खाली घातली. आज तिच्या वयाची झाल्यावर कळतं, ती नजर रागाची नव्हती.